वाळलं ते गेलं कुठं?

भोसरी एमआयडीसीत अण्णांचा नेमप्लेटचा कारखाना होता. मोटर, पंप, कॉम्प्रेसर यांच्या अंगावर कंपनीचं नाव, व्होल्टेज आणि नंबर सांगणारी ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी असते ना, ती इथं तयार व्हायची. ॲनोडाइझ केलेला पत्रा यायचा, त्यावर स्क्रीन प्रिंटिंग व्हायचं, भट्टीत शाई पक्की व्हायची आणि मग पॉवर प्रेसवर डाय मारून पट्ट्या कापल्या जायच्या. शेवटच्या खोलीत नऊ बायका लांब टेबलाशी बसून एकेक पट्टी कापडाने पुसायच्या, उजेडात धरून बघायच्या आणि पॅकिंगला द्यायच्या. प्रेसचं तेल किंवा बोटांचे ठसे राहिले की माल परत यायचा. अण्णांच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप होता तो या पुसण्याच्या खोलीचा.

आधी त्यांनी एनसी थिनर वापरून पाहिला. तेल निघालं, पण थिनरमधल्या टोल्युइन-ॲसिटोनने शाईही मऊ पडली आणि अक्षरांच्या कडा कापडावर उतरल्या. मग आयपीए आणलं. शाई शाबूत राहिली, पण तेलाचा रंगीत तवंग काही जाईना. हे व्हायचंच होतं. सॉल्व्हंट आपल्या जातकुळीच्या पदार्थालाच नीट विरघळवतं. आयपीए हे अल्कोहोल, त्याची ओढ पाण्याकडे. प्रेसचं खनिज तेल त्याला परकं. चार्ल्स हॅन्सन या संशोधकाने १९६७ साली ही ओढ तीन आकड्यांत मांडली. कुठलं द्रव्य कशात विरघळेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, रंगाच्या धंद्यात तो आजही बांधतात. अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते सॉल्व्हंट पुरवणाऱ्या बॅरलवाल्यावर विसंबून होते.

दिवाळीच्या सुमारास बॅरलवाला एक नवा डबा घेऊन आला. वर नुसतं ‘स्पेशल क्लीनर’ असं स्टिकर. त्याने कापडाचा बोळा त्यात बुडवला, तेलकट पट्टीवरून एकदा फिरवला आणि पट्टी अण्णांच्या हातात दिली. पट्टी हातात येईपर्यंत कोरडी ठणठणीत. डाग नाही, तवंग नाही, शाईला धक्का नाही, वासही मंद, नाकात न झोंबणारा.

“बघा अण्णा, फुंकरसुद्धा मारावी लागत नाही.”

टेबलाच्या टोकाला पारूबाई बसल्या होत्या. खेडकडून येणाऱ्या, त्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी विचारलं, “वाळलं ते कळलं, पण गेलं कुठं हो?”

“मावशी, उडालं!”

“उडून कुठं गेलं?”

बायका हसल्या. अण्णाही हसले आणि म्हणाले, “पारूबाई, हवेत गेलं. चला, हात चालवा.” तेवढ्यात स्टोअरकीपर दिगंबरने विचारलं, “अंगाला काही अपाय नाही ना?” बॅरलवाल्याने जे उत्तर दिलं त्यावर बोलायला कुणाला जागाच उरली नाही. “अहो, सोयाबीनचं तेल याच्यावर काढतात. तुमच्या घरी भजी तळता ना, त्या तेलाची गोष्ट करतोय मी. फूड ग्रेड माल आहे!”

तो खोटं बोलत नव्हता. लातूर-सोलापूरकडच्या सोयाबीनच्या कारखान्यांत हेक्झेननेच तेल काढतात आणि त्यासाठी फूड ग्रेड हेक्झेन बाजारात मिळतं. पण तिथे ते बंद यंत्रांत फिरतं. तेलातून उडवलेली वाफ थंड करून पुन्हा पकडतात आणि परत वापरतात. बोळा घेऊन त्याच्यापुढे आठ तास कुणी बसत नाही. एकच द्रव्य, एकाच्या कारखान्यात नळीत आणि दुसऱ्याच्या कारखान्यात नाकापुढे. हा फरक त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आला नाही.

खोलीचं काम सुधारलं हे मान्य करायलाच हवं. परत येणारा माल जवळपास थांबला. रोज पाच लिटर लागायचं. पट्ट्यांवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद ठेवायची पद्धत होतीच. भिंतीवर छताजवळ एक एक्झॉस्ट पंखा होता. तो वाफ ओढायचा, पण टेबलावरून उठलेली वाफ त्याच्यापर्यंत जायची ती बायकांच्या तोंडावरूनच. अण्णांनी सगळ्यांना मास्कही आणून दिले होते, धुळीचे कापडी मास्क. त्यातून धूळ अडते, वाफ नाही. रबरी हातमोजे होते, ते थोड्याच दिवसांत फुगून सैल झाले म्हणून बायकांनी काढून ठेवले.

पावसाळा आला. एका संध्याकाळी सुटी झाल्यावर बायका बसस्टॉपकडे निघाल्या. पारूबाई पुढे, सुमन चार पावलं मागे. सुमनला रस्त्यात एक ओळखीची चप्पल पडलेली दिसली, पट्ट्याला तांबड्या दोऱ्याची शिवण घातलेली. तिने ती उचलली आणि पुढे बघितलं. पारूबाई एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी अशा ओल्या खडीवरून चालत होत्या. चप्पल निसटली हे त्यांना कळलंच नव्हतं. खडी टोचत होती तीही कळत नव्हती.

“मावशी, अहो चप्पल!”

पारूबाई थांबल्या, पायाकडे बघितलं आणि खाली बसल्या.

मग एकेकीचं बाहेर आलं. सुमनला ब्लाउजची हुकं लावता येत नव्हती, नवऱ्याकडून लावून घ्यायला लाज वाटायची म्हणून ती पुढे बटणं असलेला कुडता घालायला लागली होती. नसीमला जिना उतरताना गुडघ्याखाली पाय आपला वाटत नव्हता. दोघी-तिघींना रात्री तळव्यांत मुंग्या यायच्या. प्रत्येकीने आपापली समजूत करून घेतली होती: वय झालं, अशक्तपणा आला, बसून बसून होतं. घराजवळच्या डॉक्टरने साखर तपासली, बी-१२ ची इंजेक्शनं दिली. एकीला मणक्याचा एक्स-रे काढायला लावला.

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी पारूबाईंच्या पायाला तारा लावून नसांमधून जाणारा संदेश मोजला, आणि मग विचारलं, “काम काय करता, आजी?” बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच तो आपल्या व्यवसायबंधूंना सांगून गेला होता की रोग्याला त्याचा धंदा काय हेही विचारा. इतका साधा प्रश्न तीनशे वर्षांनंतरही पारूबाईंना चौथ्या दवाखान्यात विचारला गेला. त्याआधी तीन ठिकाणी कुणीही विचारला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

“पट्ट्या पुसते,” पारूबाई म्हणाल्या.

“कशाने?”

“स्पेशल क्लीनरनं.”

अण्णांची पुतणी ईशा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन दिगंबर कारखान्यात आला, तेव्हा ती काकांना डबा द्यायला आलेली होती. चिठ्ठीत एकच ओळ होती: पुसण्याच्या द्रव्याचं रासायनिक नाव कळवा. ते कुणालाच माहीत नव्हतं. बिलावर ‘स्पेशल क्लीनर’, चलनावर ‘स्पेशल क्लीनर’. ईशा स्टोअरमध्ये गेली आणि तिने मोठा ड्रम फिरवून बघितला. मागच्या बाजूला मूळ उत्पादकाचं जुनं लेबल अर्धवट खरवडलेलं होतं. आगीचं चिन्ह होतं, त्याच्या शेजारी छातीवर तारा फुटलेल्या माणसाचं चिन्ह होतं आणि खाली एक नंबर शिल्लक होता: ११०-५४-३.

“काका, हे हेक्झेन आहे.”

“असेल. सोयाबीनवाले वापरतात ते.”

प्रत्येक रसायनाला असा एक कॅस नंबर असतो. व्यापारी माल कुठल्याही नावाने विकू देत, नंबर जगभर तोच राहतो. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, म्हणून ते झटकन उडतं. त्याचा ज्वलनबिंदू शून्याखाली २२ अंश आहे, म्हणजे पुण्यातल्या कडाक्याच्या थंडीतही त्याच्या वाफेला ठिणगी मिळाली की भडका उडू शकतो. पण या बायकांचं नुकसान आगीने झालं नव्हतं. श्वासातून गेलेल्या हेक्झेनपासून यकृतात २,५-हेक्झेनडायोन नावाचं द्रव्य तयार होतं. ते नसेच्या आतल्या प्रथिनांना चिकटतं आणि नसेतून होणारी ने-आण तुंबवतं. तोट्यात आलेली एसटी जशी आधी लांबच्या वस्तीची फेरी बंद करते, तसं शरीरही सगळ्यात लांबच्या टोकाला माल पोचवणं आधी सोडून देतं. म्हणून पायाची बोटं पहिली जातात, मग पावलं, मग हात.

ईशाने चलनाची पाठ घेतली आणि अण्णांसमोर आकडेमोड मांडली. एक लिटर हेक्झेन पूर्ण उडालं की साधारण १९० लिटर वाफ होते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने आठ तासांच्या कामासाठी घालून दिलेली मर्यादा आहे दहा लाख भाग हवेत ५० भाग. तेवढं विरळ व्हायला त्या एका लिटरला सुमारे ३,८०० घनमीटर हवा हवी. पुसण्याची खोली तीस फूट लांब, वीस रुंद, बारा उंच, म्हणजे जेमतेम २०४ घनमीटर.

“म्हणजे एका लिटरला अठरा खोल्या,” ती म्हणाली. “तुम्ही रोज पाच लिटर वापरता. नव्वदपेक्षा जास्त खोल्या भरतील एवढी स्वच्छ हवा रोज आत यायला हवी होती, काका. आणि खिडक्या तर बंद.”

“पण वाससुद्धा येत नव्हता गं फारसा.”

“याचा वास नीट कळायला लागतो तोवर मर्यादा बहुधा ओलांडलेलीच असते.”

अण्णा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “पारूबाईंनी विचारलं होतं मला. कुठं गेलं म्हणून.”

त्या रात्री ईशाने जे वाचलं ते दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. चीनमधल्या सुझोऊ शहरात टचस्क्रीन बनवणाऱ्या एका कारखान्यात २००९ च्या सुमारास हेच घडलं होतं. काच पुसायला अल्कोहोल होतं, ते बदलून हेक्झेन आणलं, कारण ते लवकर वाळतं आणि डाग राहत नाही. तरुण मुलामुलींचे हातपाय बधिर पडले. त्या कारखान्याकडून माल घेणाऱ्या ॲपल कंपनीने २०११ च्या अहवालात १३७ कामगारांना बाधा झाल्याचं मान्य केलं. अल्कोहोल काढून हेक्झेन, कारण वाळणं. भोसरीतही जवळपास तेच झालं होतं.

अण्णांनी ड्रम बंद केला आणि बॅरलवाल्याला बोलावलं. तो घाबरला, पण हातचं गिऱ्हाईक सोडवेना. म्हणाला, “मग टीसीई घ्या. तेल खल्लास करतं आणि पेटतही नाही.” ईशाने तिथेच सांगितलं की ट्रायक्लोरोएथिलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं कारण म्हणून पहिल्या गटात घातलंय. “बरं, मग एक नवीन आलंय, त्याच्यावर कसलाच नियम नाही.” हे वाक्य ऐकून मात्र तिचा आवाज चढला. जपानमध्ये ओसाकाच्या एका छपाईच्या कारखान्यात रोलर-ब्लँकेटची शाई धुवायला १,२-डायक्लोरोप्रोपेन वापरायचे. इतर क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटांसारखे कडक नियम त्यावर नव्हते. २०१२ साली उघडकीला आलं की तिथल्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग होतोय, जो एरवी उतारवयात क्वचित दिसतो. २०१४ मध्ये तेही द्रव्य पहिल्या गटात गेलं. “नियम नाही याचा अर्थ कुणी अजून तपासलं नाही,” ती म्हणाली. “आमच्या बायकांवर तपासायचं का?”

बॅरलवाला गेला. अण्णा हताश झाले. “मग पुसायचं कशाने?”

त्यावर ईशाने जो प्रश्न विचारला तो मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा वाटतो. ती म्हणाली, “काका, तेल येतं कुठून?”

दोघं प्रेसजवळ जाऊन उभे राहिले. मिस्त्री प्रत्येक चार-पाच ठोक्यांनंतर ब्रश तेलात बुडवून पत्र्यावर फासत होता. तेल ओघळत होतं.

“एवढं कशाला लावता, मिस्त्री?”

“डाय बोथट झालीय ताई. तेल कमी पडलं की पत्रा फाटतो, बर येते. धार लावायला पाठवा म्हणून दोनदा सांगितलं. ऑर्डर होती, थांबायला वेळ नव्हता.”

तिथेच सगळं उलगडलं. बोथट डाय, म्हणून जास्त तेल. जास्त तेल, म्हणून कडक सॉल्व्हंट. कडक सॉल्व्हंट, म्हणून पारूबाईंचे पाय. अण्णा वर्षभर शेवटच्या खोलीत ज्याचं औषध शोधत होते, त्याचं मूळ प्रेसजवळ होतं. डाय ग्राइंडिंगला गेली. छपाई झालेल्या पत्र्यावर कापण्याआधी पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवायची ठरलं, म्हणजे तेल आणि बोटं फिल्मवर पडतात आणि फिल्म सोलली की खालची पट्टी स्वच्छ. बऱ्याचशा मालाला पुसण्याची गरजच उरली नाही.

जे उरलं त्याचं काय करायचं, यात मात्र डोकं लढवावं लागलं. साध्या पट्ट्या कोमट पाण्यात साबणाने धुवायच्या ठरल्या. पहिला साबण तीव्र क्षारी निघाला, त्याने ॲनोडाइझिंगचा थरच खाल्ला आणि पट्ट्या पांढुरक्या पडल्या. मग न्यूट्रल साबण शोधला. धुतल्यावर गरम हवेचा झोत. पण ज्यांच्या पाठीला चिकटवायचा गोंद असतो त्या पाण्यात घालता येईनात. त्यांच्यासाठी ईशाने हेप्टेन निवडलं. हेक्झेनपेक्षा एकच कार्बन जास्त, तेल तितकंच चांगलं काढतं, शाईला धक्का लावत नाही, आणि नसा जाळणारं ते द्रव्य शरीरात त्यापासून जवळजवळ बनत नाही.

“मग हे निर्धोक?” अण्णांनी विचारलं.

“नाही. हेही पेटतं, याचाही ज्वलनबिंदू शून्याखाली चार आहे. फार हुंगलं तर याने पण गरगरतं. हेक्झेनपेक्षा बरं, एवढंच.”

म्हणून हेप्टेन आलं ते झाकण दाबायच्या डब्यातून, बोळ्यापुरतं. टेबलाच्या कडेलाच हवा ओढणारी सोय झाली. वाफ बायकांच्या तोंडाकडे न येता त्यांच्यापासून दूर जाऊ लागली. हातमोजे नायट्राइलचे आले. तेलकट बोळे उघड्या टोपलीत पडायचे ते झाकणाच्या लोखंडी डब्यात पडायला लागले. हेप्टेन ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे ते हेक्झेनसारखं झटकन वाळत नाही. पट्ट्या थोडा वेळ रॅकमध्ये ठेवाव्या लागतात. सुरुवातीला माल उशिरा गेला, एक गिऱ्हाईक चिडलं. अण्णांनी त्याला सांगितलं, “वाळायला वेळ लागतो, तो मी देणार.”

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की हेक्झेन सुटलं तरी काही आठवडे त्रास वाढत जाईल, घाबरू नका, मग हळूहळू उतरेल. तसंच झालं. सुमनची हुकं वर्षभरात पुन्हा तिची तिला लावता आली. नसीम जिना उतरते. पारूबाईंना दीड वर्षाने चालताना काठी लागेनाशी झाली, पण डाव्या पायाच्या बोटांत जाणीव परतली नाही, आणि ती परतेल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत. अण्णांनी त्यांचा पगार चालू ठेवला आणि उपचारांचा खर्च उचलला. अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी ड्रमचा भाव विचारला होता, वाळण्याचा वेग बघितला होता, शाई तपासली होती. पट्टीचं सगळं विचारलं, पट्टी धरणाऱ्या हाताचं विचारायचं राहिलं.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. कामावरच्या धोक्यांची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं आणि ती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पारूबाईंनी तो हक्क कायदा न वाचता बजावला होता. तुमचा छापखाना असो, चपलांचा गाळा असो, गॅरेज असो, दारात नवा ड्रम आला की पुरवठादाराकडे त्याचं सुरक्षितता माहितीपत्रक मागा. त्याचे सोळा भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर तिसऱ्यात कॅस नंबर बघा, आठव्यात हवेतली मर्यादा आणि हातमोजे, नवव्यात उकळण्याचा आणि पेटण्याचा आकडा, अकराव्यात शरीराचं काय होतं ते. पत्रक देत नसेल तर ड्रम टेम्पोतून उतरवून घेऊ नका.